बंपर घासला, आपसात मिटवायचं का?

छोटासा डेंट असेल तर आपसात मिटवणं बरेचदा परवडतं, कारण इन्शुरन्सचा क्लेम केला की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जाऊ शकतो आणि वर डिडक्टिबल, म्हणजे खर्चातला आपण भरायचा ठरलेला वाटा, आपल्याच खिशातून. पण समोरचा घाईघाईत नोटा पुढे करतो ना, तिथे जरा थांबा. प्लॅस्टिकचा बंपर दाबला गेला तरी परत जागेवर येतो, वरून नुसता ओरखडा दिसतो आणि आतल्या क्लिप्स तुटल्यात, पार्किंग सेन्सर हललाय हे गॅरेजवाल्याने बंपर उतरवल्यावरच कळतं. म्हणून आधी एस्टिमेट, मग पैसे. फोटो नंबरप्लेटसकट काढा, आणि मिटलं की तसं लिहून दोघांच्या सह्या, नाहीतर निदान एक मेसेज तरी (ओळखीचा असला तरी, उलट तेव्हा तर जास्तच!). कोणाला लागलं असेल तर मात्र आपसात वगैरे काही नाही, सरळ पोलिस आणि इन्शुरन्स.