जीनवाल्या रोहूची चौकशी

जुलैत आमच्या हॅचरीवर मान वर करायला सवड नसते. पलूसजवळच्या या मत्स्यबीज केंद्रावर रोहूच्या जोड्यांनी अंडी-वीर्य सोडावं म्हणून त्यांना इंजेक्शनं द्यायचे ते दिवस. त्यात एका दुपारी जतकडचे एक शेततळेवाले मामा आले, हातात कुणा व्यापाऱ्याचं पत्रक.

"सर, ह्यो जीन घातलेला रोहू हाय म्हणं. नराच्या वीर्यातनंच घालत्यात. चौपट वाढतोय. दुप्पट भावानं बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, घ्यावी का?"

त्यांना उडवून लावणं मला पटलं नाही, कारण मूळ गोष्ट खरी आहे. मदुराई कामराज विद्यापीठात टी. जे. पांडियन यांच्या गटानं रोहूच्या शुक्राणूंना विजेचे झटके देऊन त्यांत वाढीच्या संप्रेरकाचं जनुक, म्हणजेच जीन, शिरवलं होतं. त्यातले मासे भावंडांच्या कितीतरी पुढे गेले. 2004 साली ते काम प्रसिद्धही झालं.

मामांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. तयार नर फडक्यानं कोरडा केला, पोट हलकेच दाबलं आणि दुधासारखा थेंब कोरड्या काचेवर घेतला. मामांना काहीच हलताना दिसेना. मग कडेनं पाण्याचा थेंब सोडला. "आरं तिच्या! समदं उकळायला लागलं की!" मिनिटभरात सगळं थंड.

"मेली?"

"पाणी लागल्यावर त्यांची धाव एवढीच, मामा." म्हणूनच प्रयोगशाळेत त्यांना पाणी लागू न देता खारट द्रावणात निपचित ठेवतात, मोजून झटका देतात, मगच अंड्यांवर सोडतात. एवढं करूनही जनुक माशाच्या प्रत्येक पेशीत बसेल किंवा पुढच्या पिढीत उतरेल, याची खात्री नाही. जन्मलेला प्रत्येक मासा पराचा, म्हणजे पोहायच्या पंखाचा, तुकडा काढून तपासावा लागतो. कुणी टेम्पोतून विकत फिरावं असलं हे काम नाही. शिवाय आपल्याकडे असा मासा तळ्यात सोडायला परवानगीच मिळालेली नाही. उद्या तळं फुटून तो ओढ्यात गेला तर आपल्या नदीतल्या रोहूचं काय, या विचारानं मला खरंच धास्ती वाटते.

पत्रक नीट वाचलं तर खाली बारीक अक्षरात 'जयंती' लिहिलेलं. म्हणजे भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातल्या मत्स्यसंवर्धनाच्या केंद्रीय संस्थेनं पिढ्यानपिढ्या चांगले नर-मादी निवडून तयार केलेला रोहू, 1997 साली दिलेला. पिढीमागे सरासरी 17 टक्के जास्त वाढ. उत्तम वाण, पण त्यात बाहेरचं जनुक नाही.

"मग जयंतीच घेतो की," मामा म्हणाले, "पण ब्रूडर, बीज काढायचं नर-मादी, कुठनं आणलं त्याचा कागद बघून."

तेवढ्यात टाकीवरून हाक आली, मादी अंडी सोडायला लागली होती.