वजनकाट्याच्या पीसीवर एम्बेडेड पायथन: इम्पोर्ट अडतं कुठे?

जळगाव जिल्ह्यातली जिनिंग, वजनकाट्याचा पीसी विंडोज ७, ३२ बिट, नेट नाही. इंडिकेटरकडून (वजनाचा आकडा दाखवणारा डबा) सिरियल पोर्टवर येणारं वजन फाइलीत उतरवायचं होतं. कापसाच्या गाड्या रांगेत असताना त्या मशिनवर काही इन्स्टॉल करायला मालक तयार नव्हते, म्हणून एम्बेडेड पायथनची, म्हणजे इन्स्टॉल न करता नुसती उलगडून चालणाऱ्या छोट्या पायथनची, झिप पेनड्राइव्हवरून टाकली. विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती ३.८. या झिपमध्ये मायक्रोसॉफ्टचा सी रनटाइम (पायथन चालायला लागणाऱ्या विंडोजच्या फाइली) नसतो, मशिनवर आधीपासून नसेल तर तो वेगळा टाकावा लागतो.

मग 'नो मॉड्यूल नेम्ड', म्हणजे इम्पोर्ट करायची गोष्ट सापडत नाही, ही चूक सुरू झाली. पायसिरियल (सिरियल पोर्ट वाचायचं पॅकेज) नाही हे समजू शकतं, पण स्क्रिप्टच्या शेजारीच ठेवलेली आमची 'काटा' नावाची फाइलसुद्धा सापडेना! कारण 'पायथन३८' नावाची, अंडरस्कोर पीटीएच एक्स्टेन्शनची छोटी फाइल. ती असली की पायथन फक्त तिच्यातल्याच ओळी मॉड्यूल शोधायचे पाथ म्हणून धरतो. असे पाथ सांगायचं 'पायथनपाथ' हे विंडोजमधलं सेटिंग करून उपयोग शून्य, आणि स्क्रिप्टचं फोल्डर आपोआप जोडलं जात नाही. तिच्यातला एकटा टिंब म्हणजे स्क्रिप्टचं किंवा चालू फोल्डर नव्हे, तर ही फाइल जिथे आहे ते फोल्डर. बहुतेक जण इथेच फसतात.

फाइल नोटपॅडमध्ये उघडा. स्क्रिप्टच्या फोल्डरचा पाथ नव्या ओळीत लिहा आणि 'इम्पोर्ट साइट'च्या आधीचा हॅश काढा. मग 'लिब'मधलं 'साइट-पॅकेजेस' धरलं जातं. ते फोल्डर झिपमध्ये नसतं, हाताने बनवा. खात्रीसाठी 'सिस डॉट पाथ', म्हणजे पायथनने धरलेल्या पाथची यादी, प्रिंट करून बघा, अंदाज नको.

या झिपमध्ये पिपही (पॅकेज आणून बसवणारा प्रोग्राम) नसतो. पायसिरियलचं व्हील (पॅकेजची तयार फाइल) शुद्ध पायथनचं आहे आणि व्हील म्हणजे झिपच, त्यामुळे नेट असलेल्या मशिनवरून आणून 'साइट-पॅकेजेस'मध्ये उलगडलं की झालं. पॅकेज पायसिरियल, इम्पोर्ट मात्र 'सिरियल'. पिपला नुसतं 'सिरियल' सांगितलं तर भलतंच पॅकेज गळ्यात पडतं. नमपायसारख्या (आकडेमोडीचं, शुद्ध पायथनचं नसलेलं) पॅकेजला व्हीलच्या नावात 'सीपी३८' (पायथन ३.८) आणि 'विन३२' (३२ बिट विंडोज) दोन्ही हवेत. ६४ बिटचं टाकलं तर फोल्डर समोर दिसतं आणि इम्पोर्ट तरी अडतं, तेव्हा पाथ उकरत बसू नका.

टिकिंटर (खिडक्या, बटणं बनवायचं मॉड्यूल) या झिपमध्ये नाहीच. खिडकी हवीच असेल तर पूर्ण पायथन टाका. आमच्या काट्यावर वजन काळ्या कमांड विंडोतच दिसतं.