छापा आधी, कात्री नंतर

ब्रिटिश डिझायनर झँड्रा ऱ्होड्स यांचा शिफॉनचा गाऊन दिसला की आधी त्याची कड बघावी. बऱ्याचदा ती सरळ नसतेच. छाप्यातली नागमोडी रेघ जिथे संपते, तिथेच कापड कापलेलं असतं. ऱ्होड्स रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकल्या ती कापडावरची छपाई. १९६९ मध्ये त्यांनी स्वतःचा पहिला संग्रह काढला तेव्हा छाप्यानेच कपड्याचा घाट ठरवला, यात नवल नाही. ठळक छाप्याचा ब्रिटिश गाऊन उठून दिसतो तो या क्रमामुळे. निव्वळ भडक रंगाने ते साधत नाही.

कापडाची नक्षी करणाऱ्या सीलिया बर्टवेल आणि कपडे बेतणारे ऑसी क्लार्क यांनी हेच दोघांत वाटून घेतलं होतं. नक्षी तिची, कात्री त्याची. पुढे डिजिटल छपाई आली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन यांनी पॅरिसला दाखवलेल्या 'प्लेटोज अटलांटिस' संग्रहात सापाच्या कातडीसारखी नक्षी अंगाच्या वळणांवरून अशी फिरली, की शिवण कुठे आहे ते शोधावं लागतं. लंडनच्या डिझायनर मेरी कॅट्रांट्झू यांचं कामही याच वाटेवरचं.

हे जमवायचं तर तयार छापील थानापासून सुरुवात करू नये. नक्षी ६४ सेंटिमीटरवर पुन्हा येत असेल आणि गाऊनचे चार उभे भाग एकाखाली एक कापायचे असतील, तर निव्वळ फुलं जुळवण्यात जवळजवळ दोन मीटरपर्यंत कापड वाया जाऊ शकतं. एवढं करूनही मोठं फूल नेमकं नको तिथे, छातीवर, येऊन बसतं.

आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना अंगावर पक्का करावा. पॅटर्नच्या प्रत्येक तुकड्यावर उभा धागा, कंबररेषा आणि शिवणरेषा आखून घ्याव्यात आणि मग त्या तुकड्यांवर नक्षी काढावी. जुळवणी शिवणरेषेवर करायची, कापायच्या रेषेवर नाही. सगळ्यात जास्त गाऊन इथेच बिघडतात. तिरक्या शिवणीत एक सेंटिमीटरची माया (शिवणीसाठी कडेला सोडलेलं जादा कापड) आत गेली की कडेला तंतोतंत जुळलेली पाकळी वर-खाली सरकते. शिवाय कापायच्या रेषेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत छापा वाढवावा, नाहीतर शिफॉन जरा हललं की पांढरी कोर दिसते.

टक, म्हणजे फिटिंगसाठी घेतलेली निमुळती चिमट, हा दुसरा शत्रू. तीन सेंटिमीटरचा टक तेवढीच नक्षी गिळतो आणि त्यावरचं वर्तुळ लिंबासारखं टोकदार होतं. उपाय सोपा आहे: कागदी पॅटर्नमध्ये टक मिटवून चिकटवावा, त्यावरून नक्षी काढावी आणि मग टक पुन्हा उघडावा. शिवल्यावर वर्तुळ परत गोल दिसतं. नाहीतर टकाऐवजी खांद्याला चुण्या घ्याव्यात.

रेशमावर छापलेले ॲसिड रंग (रेशीम-लोकरीसाठीचे रंग) वाफेशिवाय पक्के होत नाहीत आणि वाफ, धुलाई यांत कापड आटतं. म्हणून ५० सेंटिमीटरचा चौकोन छापून, वाफवून, धुऊन मोजावा. उभ्यात ४८.५ भरला, तर छपाईची संगणकातली फाइल उभ्यात १०३.१ टक्के करायची. आडव्याचं माप वेगळं काढायचं, दोन्हींना एकच आकडा लावला की फुलं चपटी होतात.

शिफॉन दुहेरी घडीत कापू नये. खाली पातळ कागद घालून एकेरी कापावं. सुई ६० नंबरची. फ्रेंच शिलाई (कापडाच्या कडा आत बंद करणारी दुहेरी शिवण) घालताना उलट्या बाजू आमनेसामने ठेवून पाच मिलिमीटरवर पहिली टीप, ती छाटून तीन मिलिमीटर, मग उलटवून पुन्हा पाचवर. एकूण माया एक सेंटिमीटर, फाइलमध्ये धरलेली तेवढीच.

उरेब, म्हणजे धाग्याला तिरका कापलेला घेर मात्र वजनाने लोंबतो आणि सोबत नक्षीही लांबते. मांजरपाट तसं लोंबत नाही, म्हणून दुसरा नमुना बिनछाप्याच्या त्याच शिफॉनचा करावा आणि किमान २४ तास टांगून ठेवावा. साध्या गाऊनला लोंबलेली कड खालून छाटून सरळ करता येते. काठाला छापा असेल तर तिथे कात्री लावायची सोय नाही. जो भाग जास्त उतरला, तो वर कंबरेत उचलून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी कंबरेच्या शिवणीत तीन-चार सेंटिमीटर माया पहिल्यापासून राखून ठेवावी लागते.