नागपूरच्या संत फ्रान्सिस द सेल्स महामंदिराची यात्रा: नोव्हेनाचे शेवटचे दोन दिवस आणि सण

गेल्या वर्षी आमची चूक झाली. २४ जानेवारीला, म्हणजे ऐन सणाच्या दिवशी, आम्ही अमरावतीहून नागपूरला गेलो. पोहोचेपर्यंत महामंदिरातले, म्हणजे कॅथेड्रलमधले, बाक भरलेले होते, त्यामुळे बाहेर मांडवात उभे राहावे लागले. ध्वनिक्षेपकावरची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मला ऐकू येत होती, पण माझ्या धाकट्या भावाला त्या ध्वनिक्षेपकाचा काही उपयोग नव्हता. तो जन्मापासून बहिरा आहे. त्याला मिस्सा दिसावी लागते. वेदी दिसावी लागते, धर्मगुरूंचे हात दिसावे लागतात आणि खुणांनी सांगणारी मी समोर असावी लागते. त्या दिवशी दीड तास त्याला पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसली. म्हणून यंदा आम्ही २२ जानेवारीलाच निघालो आणि नोव्हेनाचे, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे, शेवटचे दोन दिवस व सणाचा दिवस नागपुरात राहिलो. पुढच्या वर्षी ज्यांना जायचे आहे, विशेषतः ज्यांच्या घरी ऐकू न येणारे माणूस आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही दोघे एकाच छापखान्यात काम करतो, मी मुद्रितशोधनाचे आणि भाऊ पुस्तकबांधणीचे. संत फ्रान्सिस द सेल्स हा आमच्या दोघांचाही आश्रयसंत, म्हणजे पाठीराखा मानलेला संत, आहे आणि हे नाते आम्ही ओढूनताणून जोडलेले नाही. या संताचा जन्म १५६७ साली सव्हॉय प्रांतात झाला. पुढे तो जिनिव्हाचा बिशप झाला, पण जिनिव्हा शहर कॅल्व्हिनपंथीय प्रोटेस्टंटांच्या हाती असल्यामुळे त्याला कारभार अ‍ॅनसी गावातून पाहावा लागला. त्याआधी, १५९४ पासून, तरुण धर्मगुरू असताना तो शाब्ले या डोंगरी भागात फिरत होता. लोक प्रवचनाला येईनात, तेव्हा त्याने आपले म्हणणे कागदांवर लिहिले, त्याच्या प्रती केल्या आणि त्या लोकांच्या दारांखालून आत सरकवल्या. याच कारणाने पोप पायस अकरावे यांनी १९२३ साली त्याला लेखक आणि पत्रकारांचा आश्रयसंत म्हणून घोषित केले. बहिऱ्यांचे नाते याहून जवळचे आहे. मार्टिन नावाचा एक बहिरा-मुका तरुण त्याला भेटला, त्याला धर्मशिक्षण देता येणार नाही असे सगळे म्हणत होते, तेव्हा बिशप असलेल्या या माणसाने स्वतः बसून खुणांनी त्याला शिकवले, त्याला कम्युनियनसाठी, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकर घेण्यासाठी, तयार केले आणि पुढे आपल्या घरात ठेवून घेतले.

ही गोष्ट मी भावाला तो दहा-अकरा वर्षांचा असताना सांगितली होती. त्याने लगेच त्या संतासाठी स्वतःची एक खूण तयार केली: उजव्या हाताचा तळवा उताणा करून कमरेच्या खाली न्यायचा आणि हळूच पुढे ढकलायचा, दाराखालून कागद सरकवावा तसा. आमच्या घरात संत फ्रान्सिसचे नाव आजही तेच आहे.

आता नागपूरच का, हे सांगायला हवे. फादर पिएर-मारी मेर्मिए यांनी १८३८ साली सव्हॉयमध्येच संत फ्रान्सिस द सेल्सच्या नावाने मिशनऱ्यांचा संघ स्थापन केला. त्या संघाचे धर्मगुरू १८४५ साली भारतात आले आणि विशाखापट्टणमवरून मध्य भारतापर्यंत पोहोचले. संताच्या स्वतःच्या मुलखातली, त्याचीच बोली बोलणारी माणसे नागपूरच्या उन्हात येऊन राहिली. १८७० साली त्यांची एस. एफ. एस. (सेंट फ्रान्सिस द सेल्स) शाळा सुरू झाली, १८८७ साली नागपूर धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) झाला आणि १९५३ साली त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. मराठवाड्यात घोगरगावच्या परिसरात ज्यांनी आमच्या आजोळच्या लोकांना धर्माची ओळख करून दिली, ते फादर जाकिए याच संघाचे होते. संताचे अवशेष अ‍ॅनसीला आहेत आणि तिथे जाण्याची आमची ऐपत नाही, पण त्याची भक्ती आमच्यापर्यंत ज्या वाटेने आली, त्या वाटेवरचे सर्वांत मोठे ठाणे आमच्यापासून तीन तासांवर आहे.

नोव्हेना १५ जानेवारीला सुरू होते आणि २३ला संपते. पहिले सात दिवस आम्ही घरीच करतो. आजीने मोडीवळणाच्या मराठी अक्षरांत लिहिलेली प्रार्थनांची एक वही आमच्याकडे आहे. तिची पाने सुटत चालली होती, म्हणून भावाने यंदा डिसेंबरमध्ये ती उसवली, प्रत्येक पानाच्या घडीला पातळ जपानी कागदाची पट्टी लावली, पुन्हा शिवली आणि वर गडद निळे कापड चढवले. मी वाचते आणि खुणांनी सांगते, तो पान उलटतो. एका ओळीला किती वेळ द्यायचा, हे त्याच्या डोळ्यांवरून ठरते. या पद्धतीमुळे आमची प्रार्थना फार सावकाश होते, आणि मला वाटते की नोव्हेना अशीच सावकाश व्हायला हवी. नऊ दिवसांची प्रार्थना एका दमात वाचून टाकण्यापेक्षा एक विनंती नऊ दिवस मनात धरणे अधिक अवघड आहे. यात्रेला जाणाऱ्यांनीही आधीचे सात दिवस घरी केलेच पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याशिवाय नागपूरला पोहोचल्यावर दर्शनाची घाई तेवढी हाती लागते.

निघण्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या वहिनींनी विचारले, "नवस फेडायला चाललात का?" मी त्यांना म्हटले, "वहिनी, नवसासारखी देवाणघेवाण आमच्यात नाही. आम्ही संताला सांगतो की तू आमच्यासाठी देवाजवळ शब्द टाक. त्याला आम्ही मध्यस्थी म्हणतो." त्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मग माझ्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठीही शब्द टाकायला सांगा." मी ते वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून घेतले.

प्रवासाचे थोडक्यात सांगते. आम्ही बडनेऱ्याहून पहाटेच्या विदर्भ एक्सप्रेसने निघालो आणि सकाळी नऊच्या सुमारास नागपूरला उतरलो. महामंदिर मोहननगर भागात, कामठी रस्त्याच्या लगत आहे. मेट्रोने जायचे असेल तर रेल्वे स्थानकाजवळच्या मेट्रो स्थानकावरून सीताबर्डीला यावे, तिथे गाडी बदलून ऑटोमोटिव्ह चौकाकडे जाणारी मेट्रो घ्यावी आणि गड्डीगोदाम चौकाला उतरावे. खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो अशी चार मजली रचना तिथे दिसते, ती खूण लक्षात ठेवावी. सामान जास्त असेल किंवा सोबत वयस्कर माणूस असेल, तर सरळ ऑटो करावा. अंतर थोडे आहे.

राहण्याची सोय मात्र डिसेंबरमध्येच करून ठेवावी. सण प्रजासत्ताक दिनाला चिकटून येतो, कस्तुरचंद पार्कवरच्या संचलनाची तयारी चालू असते, शनिवार-रविवार जोडून आला तर गाड्या आणि लॉज दोन्ही भरतात. सदर या जवळच्या भागात राहिल्यास पायी जाता येते. थंडीचा अंदाज घेऊन कपडे न्यावेत. चर्चमध्ये चपला काढण्याची पद्धत नसली, तरी गुडघे टेकल्यावर जमिनीचा गारवा अंगात चढतो, म्हणून आईच्या वयाच्या बायकांनी जाड शाल आणि पायमोजे जवळ ठेवावेत.

पोहोचल्यावर पहिले काम म्हणून धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या) कार्यालयात जावे. दोन गोष्टी तिथे विचाराव्यात. पहिली, कोणत्या भाषेची मिस्सा किती वाजता आहे. नागपूरच्या कॅथलिक समाजात मल्याळी, तमिळ, कोकणी, हिंदी आणि मराठी बोलणारी माणसे एकत्र नांदतात, त्यामुळे हवी ती भाषा हव्या त्या वेळी असेलच असे धरून चालू नये. दुसरी, सणाचा मोठा सोहळा २४लाच आहे की जवळच्या रविवारी. आपल्या विनंतीसाठी मिस्सा सांगायची असल्यास तेही तिथेच नोंदवावे.

आम्ही तिसरी गोष्टही विचारली. भावाला बरोबर घेऊन मी म्हटले, "फादर, याला ऐकू येत नाही. मला वेदीकडे पाठ करून याच्यासमोर उभी राहून खुणा करायच्या आहेत, लोकांना अडचण होणार नाही अशी जागा द्याल का?" त्यांनी स्वतः आत येऊन आम्हाला जागा ठरवून दिली: पुढून दुसऱ्या ओळीचे भिंतीकडचे टोक. तिथे मी भिंतीला टेकून तिरकी उभी राहिले, तर भावाला मीही दिसत होते आणि माझ्या खांद्यावरून वेदीही. जागा निवडताना उजेड पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. खुणा करणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी असली, तर त्याचा चेहरा काळा दिसतो आणि खुणेचा निम्मा अर्थ तर चेहऱ्यावर असतो. संध्याकाळच्या नोव्हेनाला दिव्याखालची जागा घ्यावी. खुणा करणाऱ्याने गडद, बिननक्षीचे कपडे घालावेत, म्हणजे हात उठून दिसतात. शक्य असेल तर प्रवचनाचा विषय आणि वाचने आदल्या दिवशी विचारून घ्यावीत. मी वाचने भावाला रात्रीच समजावली होती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तो माझ्या पुढे धावत होता.

२३ तारखेला दुपारी त्याने पापनिवेदन केले, म्हणजे धर्मगुरूंसमोर आपल्या पापांची कबुली दिली. याबद्दल घराघरांत गैरसमज आहेत, म्हणून थोडे थांबून लिहिते. बहिऱ्या माणसाला पापनिवेदन करता येत नाही, हे चूक आहे. चर्चच्या कायद्याच्या ९९०व्या कलमानुसार दुभाष्यामार्फत निवेदन करता येते आणि त्या दुभाष्यालाही गुप्ततेचे बंधन असते. लिहूनही करता येते. भावाला बहीण मध्ये नको होती, ते मला पूर्णपणे पटले. त्याने घरूनच एक कागद लिहून आणला होता आणि सवयीने त्याच्या छापखान्यातल्या फर्म्यासारख्या काटेकोर घड्या घातल्या होत्या. मी लांब मागच्या बाकावर बसले. फादरांनी कागद वाचला, त्याच्याच कोऱ्या भागावर पेन्सिलीने काही लिहिले, भावाने वाचून मान हलवली, मग फादरांनी त्याला स्पष्ट दिसेल असा हात उचलून क्षमादानाचा क्रूस केला आणि कागद त्याच्या हाती परत दिला. भावाने तो तिथेच फाडला, इतका बारीक की कपटे त्याच्या एका मुठीत मावले. बाहेर आल्यावर त्याने मला काही सांगितले नाही, मीही विचारले नाही. ज्यांना हे करायचे असेल, त्यांनी सणाच्या सकाळी जाऊ नये. रांग असते आणि लिहिण्या-वाचण्याला वेळ लागतो. आदल्या दिवशी दुपारी, आधी सांगून जावे.

सणाच्या दिवशी आम्ही मिस्साच्या तासभर आधी जागेवर होतो. जगभरच्या चर्चमध्ये २४ जानेवारी हा या संताचा साधा स्मरणदिन असतो, पण जे मंदिर त्याच्या नावाने आहे, तिथे तो महासोहळ्याच्या दर्जाने होतो. गौरवगीत आणि श्रद्धेची कबुली दोन्ही म्हटली जाते, मिरवणूक असते, मिस्सा लांबते. लहान मुलांना आधी खाऊ घालून आणावे. सदरच्या बाजूला सकाळी तर्री-पोहे सहज मिळतात. मात्र कम्युनियन घेणाऱ्यांनी तासभर आधीपासून काही खाऊ नये. सोबत कॅथलिक नसलेले मित्र असतील, तर त्यांना कम्युनियनच्या वेळी जागेवर बसून राहायला आधीच सांगावे, म्हणजे ऐनवेळी कोणी अवघडत नाही.

लितानीच्या, म्हणजे संतांची नावे घेत म्हणायच्या प्रार्थनेच्या, वेळी माझे हात दुखून आले होते. प्रत्येक संताच्या नावानंतर लोक "आमच्यासाठी विनंती कर" म्हणत होते आणि मी दर वेळी तीच खूण करत होते. थोड्या वेळाने भावाने मला हातानेच थांबवले. त्याला लय कळली होती. बाकावर टेकवलेल्या त्याच्या बोटांना लोकांच्या एकत्र आवाजाचा हादरा लागत होता आणि तो बरोबर त्या क्षणी स्वतःच "आमच्यासाठी विनंती कर" ही खूण करत होता. मी फक्त नावे सांगत राहिले. संत फ्रान्सिसचे नाव आले तेव्हा त्याने माझी वाट पाहिली नाही. तळवा खाली नेऊन पुढे सरकवला. शेजारच्या बाकावरच्या एका आजींनी ते पाहिले आणि पुढच्या ओळीला त्यांनीही त्याच्याबरोबर हात हलवून पाहिला.

वेळ असल्यास दुपारी सेमिनरी हिल्सला जाऊन यावे. टेकडीला हे नाव तिथल्या संत चार्ल्स सेमिनरीमुळे पडले; भावी धर्मगुरू तिथे शिकतात. आम्ही झाडांखाली बसून डबा खाल्ला, वहिनींच्या आईसाठी एक जपमाळ म्हटली आणि संत्रा बर्फी घेऊन स्थानकावर आलो. परतीचे आरक्षण आधीच केलेले असावे, हे पुन्हा सांगते.

घरी पोहोचायला रात्रीचे अकरा वाजून गेले. वहिनींकडे दिवा मालवलेला होता. मी महामंदिरातून आणलेल्या संताच्या छोट्या चित्राच्या मागे लिहिले होते, "आईंसाठी शब्द टाकला आहे." सकाळी देऊ, असे मी भावाला खुणेने म्हटले. त्याने ते चित्र माझ्या हातातून घेतले, वाकला आणि त्यांच्या दाराखालून आत सरकवले.