तुम्ही विचारलंत म्हणून: टोकियो सोडून योकोहामाच का?

जपानला निघालेली मंडळी मला हमखास विचारतात, की क्राफ्ट बिअरसाठी (म्हणजे लहान उत्पादकांच्या बिअरसाठी) टोकियो असताना मी शेजारच्या योकोहामा शहराचे नाव का पुढे करते. बार टोकियोतच जास्त आहेत, यात वाद नाही. पण ते इतके विखुरलेले आहेत की निम्मी संध्याकाळ गाड्या बदलण्यात जाते. योकोहामात साकुरागिचो, बाशामिचि आणि कान्नाई ही स्थानके एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि चांगले बार बरेचसे त्यांच्याच आसपासच्या गल्ल्यांत सापडतात.

शिवाय जपानी बिअरचे घराणेही इथलेच. नॉर्वेत जन्मलेल्या विल्यम कोपलंड या अमेरिकनाने १८७० च्या सुमारास यामाते टेकडीवर ब्रुअरी काढली, तिच्याच जागेवर पुढे किरीन ही बिअर कंपनी उभी राहिली आणि १९२३ च्या भूकंपात सगळे जमीनदोस्त होईपर्यंत तिथे बिअर बनत राहिली. लहान उत्पादकांना वाट मिळाली ती मात्र १९९४ साली, जेव्हा परवान्यासाठी लागणारे वर्षाचे किमान उत्पादन २० लाख लिटरवरून ६० हजारांवर आले. 'हाप्पोशू' या कमी माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) किंवा इतर जिन्नस घातलेल्या प्रकाराला तर ६ हजार लिटरच पुरतात, त्यामुळे दोन-चार टाक्यांवर चालणाऱ्या बारमधल्या उत्तम बिअरवरही कायद्याने तोच शिक्का बसू शकतो; शिक्का पाहून ती हलक्या प्रतीची समजू नये.

सुरुवात मी बाशामिचि टॅपरूमपासून करायला सांगते. शिझुओका प्रांतातल्या बेअर्ड ब्रुइंग या बिअर उत्पादकाचा हा बार असून धुरावर तासन्‌तास शिजवलेले टेक्सास पद्धतीचे मांस ही त्याची खासियत आहे, आणि त्या मांसासोबत गडद, भाजक्या चवीची बिअर जितकी जमते तितकी फिकट लागर जमत नाही, असे माझे ठाम मत आहे. योकोहामा स्थानकाजवळचा थ्रॅश झोन हा बार याच्या अगदी उलट: जागा चिमुकली, संगीत कानठळ्या बसवणारे, बिअर कडूजहर. ज्यांना गप्पा मारायच्या आहेत त्यांनी तिकडे फिरकू नये (मी जाते).

बहुतेक ठिकाणी लहान पेला मिळतो, तोच मागावा. काही ठिकाणी न मागवलेली छोटी बशी समोर येते आणि तिचे पैसे बिलात लागतात. ती तिथली रीत आहे, हुज्जत घालू नये. टिप ठेवायची नसते. मुक्काम टोकियोत असेल तर बाशामिचिहून टोकियोतल्या शिबुयाला थेट गाडी आहे, पण मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या बंद होतात आणि टॅक्सीचे भाडे संध्याकाळच्या सगळ्या बिअरपेक्षा जास्त होते.