पॅरिसमध्ये मिश्र सांघिक पॅरा तिरंदाजी: बघायला जाणाऱ्यांसाठी

पॅरिस पॅरालिम्पिकची तिकिटं १५ युरोपासून होती, त्यामुळे तिरंदाजीचं कुठलं सत्र घ्यायचं यावर घरात बराच खल झाला. मी मिश्र सांघिकचाच हट्ट धरला आणि २ सप्टेंबर २०२४ची संध्याकाळ पदरात पाडून घेतली. एकच सत्र परवडणार असेल, तर तुम्हीही हेच घ्या. एकाच बैठकीत उपांत्यपूर्व सामन्यापासून पदकापर्यंत सगळं आटोपतं, आणि सोळा बाणांचा सामना कंटाळा यायला वेळच देत नाही.

मैदान लेझ-ॲन्व्हालिद या पॅरिसमधल्या जुन्या वास्तूच्या पटांगणावर होतं. तिच्या सोनेरी घुमटाखाली नेपोलियनची कबर आहे म्हणून पर्यटक तिथे गर्दी करतात. पण ही वास्तू फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने जखमी आणि वृद्ध सैनिकांसाठी बांधून घेतली आणि आजही तिच्या आवारात युद्धात जायबंदी झालेल्यांचं रुग्णालय आहे. पॅरा खेळांची सुरुवातही अशाच लोकांपासून झाली. १९४८ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात १६ जखमी सैनिकांची स्पर्धा भरली, ती तिरंदाजीचीच. जागा निवडणाऱ्याच्या मनात हे होतं की नाही कोण जाणे, पण पॅरिसला गेलात तर वेळ काढून ती वास्तू आतून बघा.

जाण्यापूर्वी नियम समजून घ्या, नाहीतर टाळ्या कधी वाजवायच्या तेही शेजाऱ्याकडे बघून ठरवावं लागतं. संघात एक पुरुष, एक स्त्री. एका फेरीत संघाचे चार बाण, म्हणजे प्रत्येकी दोन, आणि त्या चारांना मिळून ८० सेकंद. कंपाऊंडमध्ये, म्हणजे टोकांना चाकं लावलेल्या धनुष्याच्या प्रकारात, अशा चार फेऱ्या, सगळे गुण एकत्र, कमाल १६०. अंतर ५० मीटर, आणि दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ८ सेंटिमीटरचं. रिकर्व्हचं, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या बिनचाकी धनुष्याचं, गणित वेगळं: ७० मीटर, मोठं टार्गेट, प्रत्येक सेटला दोन गुण, आणि आधी पाच गुण मिळवणारा जिंकतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला कंपाऊंड सोपं जातं, एकूण गुणांची बेरीज पडद्यावर दिसत राहते. गंमत म्हणजे मिश्र सांघिक प्रकार पॅरालिम्पिकमध्ये २०१६ला रिओत आला, ऑलिम्पिकमध्ये मात्र त्यानंतर टोकियोत.

आपली जोडी होती शीतल देवी आणि राकेश कुमार. शीतल तेव्हा सतरा वर्षांची, जन्मतः हात नाहीत. ती उजव्या पायाने धनुष्य उचलून धरते, खांद्याच्या जोरावर प्रत्यंचा ताणते आणि जबड्याने बाण सोडते. राकेश व्हीलचेअरवर. मानांकन फेरीत तिचे ७०३ आणि त्याचे ६९६, मिळून १३९९. म्हणून अव्वल मानांकन. या फेरीला प्रेक्षक कमी लक्ष देतात, पण जोड्यांचा क्रम तिथेच ठरतो, तेव्हा त्या दिवसाचे आकडे बघून ठेवा.

माझं ऐकाल तर टार्गेटकडे बघत बसू नका. बाण अर्ध्या-पाऊण सेकंदात पोचतो आणि कुठे लागला ते पडदा दाखवतोच. नजर खेळाडूंवर ठेवा. दोघं रेषेवर शेजारी बसलेले, एकाचा बाण सुटला की दुसरा सज्ज. एकाने जास्त वेळ घेतला तर दुसऱ्याच्या वाट्याचा वेळ कापला जातो, ही ओढाताण वैयक्तिक सामन्यात नसते. छोटी दुर्बीण नेलीत तर शीतलच्या पायाची बोटं धनुष्य कशी पकडतात तेही दिसेल.

उपांत्यपूर्व फेरीत इंडोनेशियाला १५४-१४३ असं हरवलं, ते सहज झालं. उपांत्य सामन्यात इराणशी १५२-१५२ बरोबरी आणि शूटऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा बाणांत, हार. मग कांस्यपदकासाठी इटलीविरुद्ध १५६-१५५! प्रत्येकी सोळा बाणांत दोन्ही संघांनी मिळून नऊच गुण गमावले, असा तो सामना. रेषेला चिकटलेला बाण पंच जवळ जाऊन भिंगातून तपासतात आणि मग नऊचे दहा होऊ शकतात, म्हणून पडद्यावरचा आकडा बघून लगेच नाचायला उठू नका. नेम धरलेला असताना शांतता पाळा, फ्लॅश तर नकोच.

प्रवासाचं थोडक्यात. स्पर्धेच्या काळात मेट्रोचं एकेरी तिकीट २.१५ वरून ४ युरो झालं होतं. यजमान शहर असं करू शकतं, खर्चात ते धरून चला. सोबत व्हीलचेअरवरचं कोणी असेल तर पॅरिसच्या जुन्या मेट्रोवर विसंबू नका. संपूर्णपणे पायऱ्यांविना वापरता येते ती फक्त १४ क्रमांकाची लाइन. बस उत्तम, रॅम्प असतो. स्टँड उघड्यावर असतात, टोपी आणि पातळ जॅकेट दोन्ही घ्या.

आता पुढची संधी नागोयात: आशियाई पॅरा स्पर्धा, १८ ते २४ ऑक्टोबर २०२६. मागच्या खेपेला हांगझोमध्ये याच जोडीने मिश्र कंपाऊंडचं सुवर्ण जिंकलं होतं. लॉस एंजेलिस पॅरालिम्पिक १५ ते २७ ऑगस्ट २०२८. दोन्हीकडे आधी मिश्र सांघिकचा दिवस कोणता ते वेळापत्रकात शोधा आणि विमानाचं तिकीट मग काढा.