नेटवर्क गेल्यावर उरलेली नोंद

एका साखर कारखान्याची ऊस नोंदणीची प्रणाली नव्याने लिहून देण्याचे काम बेळगावच्या टिळकवाडीतील आमच्या छोट्या कार्यालयाकडे आले, तेव्हा जुनी प्रणाली चालू होती, आणि अडचण नेमकी तीच होती. ती अँग्युलरजेएसवर बांधलेली होती. गूगलने 2010 साली आणलेल्या या फ्रेमवर्कचा, म्हणजे वेबवरची प्रणाली बांधण्याच्या तयार सांगाड्याचा, आधार डिसेंबर 2021 अखेर संपला; त्यानंतर दुरुस्त्या मिळणे बंद झाले. 2016 साली आलेले अँग्युलर नावाने त्याचे वारस असले तरी मुळापासून वेगळे लिहिलेले आहे, त्यामुळे ‘नुसते अपडेट करून द्या’ या मागणीला अर्थ उरत नव्हता. जुन्या कंत्राटदाराने यातले काहीही कारखान्याच्या कानावर घातले नव्हते. शेतकी अधिकाऱ्यांनी पहिल्याच बैठकीत विचारले, “मागच्या वेळी गूगलचे म्हणून घेतले. आता फेसबुकचे म्हणून घ्यायचे काय?”

फेसबुकचे म्हणजे रिअ‍ॅक्ट, पडदे बांधण्याचे साधन, 2013 साली सर्वांसाठी खुले झालेले. तो आग्रह माझ्या तरुण सहकारिणीचा होता. माझा कौल जँगोला होता. कॅन्ससमधील एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मलेले आणि 2005 साली खुले झालेले हे फ्रेमवर्क लॉगिन, फॉर्म, तपासणी आणि कारकुनांसाठीचे पडदे तयारच देते. एकाच बांधणीतून, म्हणजे प्रणालीच्या एकाच तयार प्रतीतून, मराठी व कन्नड दोन्ही भाषा चालवण्याची सोयही त्यात अंगभूत आहे. अँग्युलरची स्वतःची पद्धत प्रत्येक भाषेसाठी वेगळी बांधणी करण्याची आहे. चिक्कोडी-निपाणी पट्ट्यात एकाच टेबलावरचा कारकून एका शेतकऱ्यासाठी मराठी आणि पुढच्यासाठी कन्नड पडदा उघडतो, म्हणून ते नाव आम्ही लवकरच खोडले.

सहकारिणीचा मुद्दा माणसांचा होता. बेळगावात तयार झालेला मुलगा अनुभव गाठीशी आला की पुण्याला नाहीतर बंगळूरला जातो, आणि त्याच्या जागी येणाऱ्याला रिअ‍ॅक्ट येत असते, जँगो येतेच असे नाही. हे खरे आहे. मात्र महाविद्यालयातून येणाऱ्या मुलांना रिअ‍ॅक्ट येते आणि एचटीएमएलचा साधा फॉर्म पाठवता येत नाही, हेही तितकेच खरे आहे.

आमचा बहुतेक वेळ ज्या गोष्टींत गेला, त्यांचा फ्रेमवर्कशी संबंधच नव्हता. क्षेत्राची चौकट हे त्याचे उदाहरण. शेतकरी ‘दोन एकर पंधरा गुंठे’ सांगतो आणि चिटबॉय, म्हणजे शिवारात जाऊन नोंदी घेणारा कारखान्याचा कर्मचारी, 2.15 असे लिहितो. परंतु एकराचे चाळीस गुंठे असल्यामुळे संगणकाच्या दृष्टीने ते 2.375 एकर होतात. जुन्या प्रणालीने वर्षानुवर्षे 2.15 हाच दशांश धरून उत्पादनाचे अंदाज काढले होते, आणि ऊस अंदाजापेक्षा जास्त कसा येतो याचे आश्चर्य करीत सर्वजण बसले होते. आम्ही एकर आणि गुंठ्यांसाठी दोन वेगळ्या चौकटी केल्या व गुंठ्यांची मर्यादा 39 ठेवली. या बदलाचा मला आजही कोणत्याही फ्रेमवर्कपेक्षा अधिक अभिमान वाटतो.

निर्णयाच्या दिवशी दोन्ही नमुने घेऊन आम्ही एका चिटबॉयबरोबर शिवारात गेलो. लागवडीच्या नोंदीची तारीख पुढे तोडीचा क्रम ठरवते, त्यामुळे तिथे हरवलेली नोंद म्हणजे गावात भांडण. बांधावर नेटवर्क येत-जात होते. त्याने माझ्या नमुन्यात शेतकऱ्याचे नाव, जमिनीचा रि. स. (रिव्हिजन सर्व्हे) नंबर, को 86032 हा वाण, लागवड की खोडवा, क्षेत्र असे सारे सावकाश भरले, बटण दाबले आणि पडद्यावर नेटवर्क नसल्याचे सांगणारा ब्राउझरचा डायनासोर आला. सुरक्षिततेसाठी लॉगिनमागच्या पानांचा साठा आम्ही ब्राउझरला करू देत नव्हतो. तो मागे गेला तर फॉर्म कोरा. “लिहिलेलं कुठं गेलं ओ?” एवढेच तो म्हणाला. मग सहकारिणीच्या नमुन्यात त्याने तीच नोंद भरली. नेटवर्क नसतानाही ‘फोनमध्ये जतन’ असा हिरवा शब्द उमटला आणि रस्त्यावर आल्यावर नोंद आपोआप पाठवली गेली.

दुपारच्या बैठकीत रिअ‍ॅक्ट जिंकले. मी सांगून पाहिले की, नेटवर्क नसताना पान उघडे ठेवणारा सर्व्हिस वर्कर आणि नोंद साठवणारे इंडेक्स्डडीबी या दोन्ही सोयी ब्राउझरच्या आहेत. त्या जँगोच्या पानावर साध्या जावास्क्रिप्टने वापरता येतात आणि रिअ‍ॅक्टमध्येही त्या वेगळ्या लिहाव्याच लागतात. सहकारिणीने तत्काळ मान्य केले. ती प्रामाणिक आहे. पण शेतकी अधिकाऱ्यांनी बांधावर डोळ्यांनी जे पाहिले होते, त्यापुढे माझे स्पष्टीकरण हरणाऱ्याचे वाटले असणार. शेवटी चिटबॉयचा पडदा रिअ‍ॅक्टमध्ये आणि कार्यालयाचे सर्व काम जँगोमध्ये, असा तोडगा निघाला.

श्रेय चुकीच्या ठिकाणी गेले, हे मला अजून टोचते. तरीही माझ्या हातच्या जावास्क्रिप्टने तेच काम केले असते, तर माझ्यामागे ते कोणी वाचले असते, याचे उत्तर मला देता येत नाही. कार्यालयाच्या बाजूला जँगोची 5.2 ही दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे. तिचा आधार एप्रिल 2028 पर्यंत आहे आणि तो महिना मी कारखान्याच्या करारातच लिहून घेतला आहे. रिअ‍ॅक्टच्या बाजूला करारात लिहावी अशी तारीख मिळत नाही. ज्या क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपवर सहकारिणी हे सारे शिकली, ते नवा प्रकल्प सुरू करून देणारे साधनही फेब्रुवारी 2025 मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाले. म्हणून तिथे घेतलेली प्रत्येक लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड) कशासाठी घेतली, हे एका ओळीत नोंदवण्याचा नियम मी केला आहे. तिच्या मते ही यादी माझ्या न लिहिलेल्या जावास्क्रिप्टपेक्षा आखूडच भरेल, आणि आमचा तो वाद अजून चालू आहे.